हार्मनी आली की राग गेला?

समूहगानात रागाला हार्मनी (म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर गाणं) द्यावी का, यावर इथे कुणीतरी लिहिलंय, "हार्मनी आली की राग मेलाच". हे मत सरसकट पटत नाही. कुठला राग घेता त्यावर आहे. यमन बराच सोसतो: सा-ग-प, रे-तीव्र म-ध, प-नी-रे, असे एकत्र वाजणारे तीन-तीन सूर (कॉर्ड) सगळे रागाच्याच सुरांत बसतात. मारवा रागात पंचमच (प) वर्ज्य, म्हणजे सा-ग-प हा पायाच गेला. तिथे बळेच कॉर्ड लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार!

आणि हे काही कालचं फॅड नाही. संगीतकार सलील चौधरींनी १९५०च्या दशकातच मुंबईत बॉम्बे यूथ कॉयर हा समूहगान गट उभा केला होता.

आमच्या ठाण्यातल्या समूहगान गटात सध्या यमनातली एक नवी रचना चार भागांत (चार गट, प्रत्येकाची सुरावट वेगळी) बसवतोय. खरा घोळ मींडेचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाण्याचा. सगळे एकदम पंचमावरून रिषभावर उतरायला लागले की जो तो आपापल्या वेळेला पोचतो, नुसता चिखल. शेवटी मींड फक्त सोप्रानोंना (सर्वांत उंच आवाजाच्या बायकांना) दिली, बाकीच्यांनी 'आ' म्हणत पंचम धरून ठेवायचा. लगेच ऐकण्यासारखं झालं.

कीबोर्डबद्दल कुणीच बोललं नाही इथे. त्याचा गंधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा (तारांतून आपोआप ऐकू येणाऱ्या ग-पेक्षा) सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). त्यावर पाठ केलेला भाग तंबोऱ्यावर गायला लागलं की आल्टोवाल्या (खालच्या आवाजाच्या बायका) हमखास बुचकळ्यात पडतात. म्हणून भाग बसेपर्यंतच कीबोर्ड, पुढे फक्त तंबोरा. (आमचे कीबोर्डवाले काका यावर नाराज आहेत, पण असो.)

इथे एका ताईंनी भैरव रागाला हार्मनी कशी द्यायची ते विचारलंय. कोमल रिषभ लांब धरणाऱ्या भागाखाली षड्ज ठेवू नका, फार टोचतो. कोमल धैवत देऊन बघा.