इलेक्ट्रिक कार घ्यावी का? चार्जिंगचं गणित जमत नाहीये

मंडळी, पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यायचं डोक्यात आहे, रोजचं रनिंग साधारण ४० किमी. ४० किलोवॅट-अवरची (म्हणजे ४० युनिटची) बॅटरी साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर पूर्ण भरायला १४-१५ तास लागतात, ७ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) लावला तर ६-७ तास, पण रोज ४० किमीला जेमतेम ६-७ युनिटच लागणार ना, मग वॉलबॉक्सवर खर्च कशाला असं मला वाटतं, चुकत असेन तर सांगा. खरी अडचण पार्किंगची. माझा मीटर एका टोकाला, गाडी दुसऱ्या टोकाला, एवढी लांब वायर ओढायची तर जाडी किती घ्यावी, अर्थिंग वेगळं करावं लागतं का? आणि एक्स्टेंशन बोर्ड सुचवू नका प्लीज, तासन्तास लोड राहिला की प्लग वितळतो.

घरी जमलंच नाही आणि कायम फास्ट चार्जरवरच जावं लागलं तर पेट्रोलच्या तुलनेत खरंच काही वाचतं का? तिथला युनिटचा दर जास्त, त्यात ८० टक्क्यांनंतर स्पीड एकदम पडतो म्हणजे ताटकळत बसा. इन्शुरन्स, टायर धरून हिशोब केलेला कोणी आहे का इथे? शक्यतो बॅटरीची वॉरंटी संपत आलेल्यांनी सांगा, नव्या गाडीचं कौतुक भरपूर ऐकून झालंय 😅