गर्दीच्या वेळी कडक होणारे, तरीही सर्वांना हवेसे वाटणारे सहकारी

प्रश्न: आमच्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरातील एक ज्येष्ठ सहकारी ऑर्डरी वाढल्या की आवाज चढवतात आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लावतात, मात्र कोणाचा हात भाजला, तर तो २० मिनिटे गार वाहत्या पाण्याखाली धरायला लावून त्याचे काम स्वतः उचलतात. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे, तरीही दडपण येते. हे त्यांना कसे सांगावे?

उत्तर १: १९व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच आचारी ऑग्युस्त एस्कोफिए यांनी रूढ केलेल्या, स्वयंपाकघरातील काम विभागांत वाटण्याच्या पद्धतीत एका विभागाचा उशीर संपूर्ण टेबलाचे जेवण अडवतो. त्यामुळे त्यांचा चढा आवाज बहुधा घाईचा असावा, रागाचा नव्हे.

उत्तर २: हे मला पूर्णपणे पटत नाही. ‘मागे गरम भांडे आहे’ हे मोठ्याने सांगणे सुरक्षिततेसाठी अत्यावश्यकच आहे, परंतु चूक दाखवण्यासाठी तोच स्वर लागत नाही. काम आवरल्यावर, इतर कोणी नसताना, एकच ताजा प्रसंग घेऊन त्यांच्याशी बोला.

उत्तर ३: सहमत आहे. भाजलेल्या हाताची इतकी काळजी घेणारा माणूस तुमचे म्हणणे नक्की ऐकून घेईल.