बॉनेटवर क्लिअर पांढरं पडलंय, काय करू? (१/२४ मॉडेल गाडी, भगवा रंग)

रंकाळावेस_२४
मंडळी, मदत हवी आहे. १९३०च्या जमान्यातली १/२४ ची प्लास्टिक मॉडेल गाडी करतोय. किट दुसऱ्याच गाडीचं, पण दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात येणारी छत्रपतींची भगवी मेबॅक डोक्यात बसलेली, म्हणून रंग तोच द्यायचा ठरवलं. पांढरा प्रायमर, त्यावर तामियाचा डब्यातला स्प्रे, टीएस-१२ ऑरेंज, दोन्ही झकास बसले. परवा संध्याकाळी टीएस-१३ क्लिअर (वरचा पारदर्शक चकाकीचा थर) मारलं, बाहेर झिमझिम चालू होती. सकाळी बघतो तर बॉनेटची डावी बाजू दुधाळ. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, म्हणजे पांढरं वर नाही, आत आहे. शिवाय बिजागरीच्या रेषेजवळ एक बारीक केस अडकलाय. दारं, टप, मडगार्ड एकदम चकाचक. पॉलिश पेपर मारू, की सगळं उतरवू? एअरब्रश मित्राचा मिळेल.

कोथरूड_मॉडेलर
उतरवाच. बॉनेट सुटं असेल तर रात्रभर डेटॉलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. लगेच पाण्याखाली धरू नका, नुसता चिकट राडा होतो. आधी डेटॉलनेच धुवायचं, पाणी नंतर.

गन_मिस्त्री
उतरवायचं काय कारण? डेटॉलला बाटलीतलं ॲक्रिलिक दाद देतंय, ही डब्यातली लॅकर हाय. आणि अर्ध्या बॉनेटपायी चांगला बसलेला भगवा घालवायचा? पुन्हा मारताना थर कमीजास्त झाला की बॉनेट एका रंगाचं आणि दारं दुसऱ्या रंगाची. ऑरेंज लई नखरेल हाय त्या बाबतीत.

माझी उमर उद्यमनगरात गाड्या रंगवण्यात गेली, हे दर पावसाळ्यात बघतोय. थिनर उडताना रंगवलेलं अंग गार पडतंय, त्या गारव्यानं हवेतलं पाणी ओल्या फिल्मवर धरतंय, आणि वरचा पापुद्रा सुकला की आतच कोंडतंय. मग क्लिअर क्लिअर राहत न्हाई. म्हणून पेपर मारून उपयोग न्हाई, घासशील तितकं पांढरंच लागंल. फिल्म परत मऊ करायची, पाण्याला वाट द्यायची, आणि ह्या खेपेला सावकाश सुकू द्यायचं. सावकाश सुकवायचं औषध म्हणजे रिटार्डर.

मिस्टर कलर ह्या मॉडेलच्या रंगांच्या ब्रँडच्या लेव्हलिंग थिनरमध्ये ते आधीच असतंय. एअरब्रशमध्ये नुसतं तेच भर, हवा कमी ठेव, वीतभर लांबनं एक धुकट हात मार. ओलं चकाकलं की थांब. डोळ्यादेखत पांढरं विरंल. राहिलंच तर पहिला हात सुकल्यावर दुसरा. थेंब साचू दिलास तर खालचा भगवा पण सुटंल. आणि गाडीच्या रंगाच्या दुकानातलं एनसी थिनर स्वस्त मिळतंय म्हणून आणू नको. पत्र्याला चालतंय, प्लास्टिक खातंय ते.

पंचगंगेला पाणी चढून राजाराम बंधारा पाण्याखाली असला की मी क्लिअरचा डबाच उघडत न्हाई. तुला दम निघत नसंल तर दुपारची उघडीप बघ, तोंडाला मास्क लाव.

इचल_७२
हेअर ड्रायरनं जातंय की! माझं गेलेलं.

गन_मिस्त्री
ताजं असताना, लांबनं, कोमट वाऱ्यानं. कधी कधी जातंय. दोन रात्री काढलेल्याला न्हाई. जवळ धरलास तर बॉनेटचा पापड.

रंकाळावेस_२४
मिस्त्री, मानलं तुम्हाला. लेव्हलिंग थिनर आहे मित्राकडे. आणि केसाचं काय? तो चिमट्याने ओढू का आत्ताच?

गन_मिस्त्री
हात लावू नको त्याला. कुठल्या रंगाचा दिसतोय ते आधी सांग. काळा दिसत असंल तर क्लिअरमध्ये हाय. भगवा दिसत असंल तर ऑरेंजच्या खाली गाडला गेलाय, मग तेवढ्यापुरता रंग परत द्यावा लागंल.

रंकाळावेस_२४
काळाच दिसतोय.

गन_मिस्त्री
मग सुटलास. पांढरं गेल्यावर आठवडाभर तसंच ठेव. आतल्या बाजूला, दिसणार न्हाई तिथं नख दाबून बघ, खूण उठली तर अजून कच्चं हाय. पक्कं झालं की बिजागरीची कड मास्किंग टेपनं झाक. कडेला रंग सगळ्यात पातळ असतोय, प्रायमर पहिल्यांदा तिथंच डोकं काढतंय. २००० चा वॉटर पेपर, खोडरबराच्या तुकड्यावर गुंडाळून, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब. केसापुरताच चालव. पाणी पांढरं येतंय तोवर तू क्लिअरमध्ये हाईस. भगवं आलं की तिथल्या तिथं हात उचल.

केस निघाल्यावर खाच राहिली तर थोडं क्लिअर झाकणात फवारून टूथपिकच्या टोकानं एक थेंब सोड, सुकला की परत २०००, मग ३०००, मग मॉडेलचं फाईन कंपाउंड सुती कापडानं. गॅरेजमधलं रबिंग नको, लई खरखरीत.

कोथरूड_मॉडेलर
काळा की भगवा, हे आवडलं. लिहून ठेवतो.

रंकाळावेस_२४
रविवारी उघडीप मिळाली तर थिनर मारतो. सरळ बॉनेटवरच मारू ना?

गन_मिस्त्री
नको गा. प्लास्टिकच्या चमच्यावर तेच प्रायमर, तेच ऑरेंज, तेच क्लिअर मारून आज रात्री पावसाच्या ओल्या हवेत बाहेर ठेव. चमचा पांढरा पडला की त्याच्यावर हात बसव, मग बॉनेट.