घाट चढताना जीप बंद पडते: दोष डिझेल पंपाचा की फीड पंपाचा?

संत्रावाला_अचलपूर (प्रश्न)

माझ्याकडे 1997 सालची डिझेल जीप आहे. तिच्यातून मी संत्र्याच्या क्रेट आणि आठवडी बाजाराचा माल नेतो. गेल्या दोन महिन्यांपासून परतवाड्याहून सेमाडोहकडचा घाट भरल्या गाडीने चढू लागलो की दहा-बारा मिनिटांत इंजिनाचा दम जातो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आवाज बसत जातो आणि शेवटी गाडी बंद पडते. अशा वेळी बॉनेट उघडून फीड पंपावरचा (टाकीतले डिझेल ओढून मुख्य डिझेल पंपाकडे पाठवणारा छोटा पंप) हातपंप वीस-पंचवीस वेळा मारला की ती पुन्हा सुरू होते आणि आणखी दोन-तीन वळणे काढते. सपाट रस्त्यावर काहीही तक्रार नसते, मात्र रात्रभर उभी राहिल्यास सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. डिझेल फिल्टर नवीन बसवून झाला आहे. तालुक्याच्या एका मिस्त्रींनी संपूर्ण डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला (यंत्रावर तपासून जुळवून घ्यायला) पाठवा असे सांगितले आहे. तो खर्च ऐन बहाराच्या तोंडावर मला परवडणारा नाही. पंप उतरवण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल?

जुना_मिस्त्री

भाऊ, आपण हातपंपाची गोष्ट लिहिलीत हे फार बरे केले, कारण निम्मे निदान त्यातच आहे. मी एसटीच्या कार्यशाळेत अनेक वर्षे काम केले असून अशा तक्रारीत मुख्य डिझेल पंपाला हात सर्वांत शेवटी लावावा, या मताचा आहे. मुख्य पंपाची एलिमेंट (डिझेल दाबणारे आतले दट्टे) झिजलेली असती, तर बाहेरून हातपंप मारल्याने त्यांची झीज भरून निघाली नसती आणि गाडी सपाटीवरही ओढीला कमी पडली असती. हातपंपाने जीव येतो, याचा अर्थ मुख्य पंपापर्यंत डिझेल पुरेसे पोहोचत नाही.

घाटातच असे का होते, तेही पाहू. चढावर गाडीचे नाक वर गेले की मागची टाकी इंजिनाच्या मानाने आणखी खाली जाते, म्हणजे फीड पंपाला डिझेल अधिक उंच ओढावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी भरल्या गाडीची डिझेलची भूक सर्वांत जास्त असते. टाकी पाव भरलेली असताना त्रास लवकर सुरू होतो का आणि पूर्ण भरलेली असताना उशिरा, याकडे एकदा लक्ष द्यावे.

आता शंका दोनच उरतात. एक, ओढणाऱ्या बाजूने, म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंत, कुठेतरी हवा शिरते किंवा मार्ग तुंबला आहे. दुसरी, फीड पंपच थकला आहे. हवेचा घोळ असा की ओढणाऱ्या बाजूला चीर पडली तर तिथून डिझेल बाहेर गळतेच असे नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते, त्यामुळे नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते आणि माणूस फसतो. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हाने रबरी नळ्या क्लिपजवळ तडकतात, त्या वाकवून पाहिल्याशिवाय चीर दिसत नाही.

गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप हातभर आणून फीड पंपाच्या आधी जोडावा आणि इंजिन चालू ठेवून त्यात बुडबुडे येतात का ते पाहावे. त्याआधी टाकीचे झाकण सैल करून एकदा घाट चढून पाहावा. झाकणाचे छिद्र बुजलेले असेल तर टाकीत ओढ धरते आणि अगदी अशीच लक्षणे दिसतात. शेतातल्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून डिझेल भरत असाल, तर टाकीतली जाळीही काढून धुवावी.

कपाशी_दर्यापूर

माझ्या जुन्या गाडीलाही हाच त्रास होता. मी एवढे काहीही न करता टाकीजवळ बारा व्होल्टचा विजेवर चालणारा पंप बसवला आणि तीन वर्षे गाडी चालवली. आपणही तसेच करावे.

जुना_मिस्त्री

दर्यापूरचे भाऊ, आपला उपाय चालतो हे मी नाकारत नाही, पण तो दोष झाकतो. फीड पंपाचे सील गेलेले असताना मागून दाबाने डिझेल ढकलले, तर ते सीलमधून अधिकच आत झिरपते. ज्या डिझेल पंपाच्या कॅमपेटीत (दट्टे हलवणारा कॅम फिरतो त्या कप्प्यात) इंजिनाचेच ऑइल खेळते, तिथे हे डिझेल थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंगचा नाश करते. म्हणून प्रश्नकर्त्या भाऊंनी आज सपाट जागी गाडी उभी करून डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी मोजायची काडी) जरूर पाहावी. ऑइल न टाकता पातळी वाढलेली असेल आणि काडीला डिझेलचा वास येत असेल, तर पहिला संशय फीड पंपावर घ्यावा.

संत्रावाला_अचलपूर

काका, आपण सांगितल्याप्रमाणे सर्व करून पाहिले. झाकणाचा काही संबंध निघाला नाही. लेव्हल पाईपमध्ये मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. टाकीजवळची रबरी नळी वाकवताच क्लिपखाली नखाएवढी चीर उघडली, ती नळी बदलली आणि सकाळचा सेल्फचा त्रास त्याच दिवशी थांबला. घाटात मात्र गाडी कालही बंद पडली, फक्त चार-पाच मिनिटे उशिरा. डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे आणि ऑइल पातळ लागते.

जुना_मिस्त्री

म्हणजे दोष दोन होते आणि एक गेला. घाटात नेण्यापूर्वी मीच आपल्याला आठवण करून द्यायला हवी होती की असे ऑइल असताना गाडी चालवू नये. आता ती उभीच ठेवावी.

डिपस्टिकने सांगितलेच आहे, तरी खात्री हवी असल्यास एक परीक्षा आहे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटपेक्षा उंच बांधून त्यातले डिझेल थेट फिल्टरला द्यावे, फीड पंपाची ओढणारी नळी जमिनीवरच्या दुसऱ्या कॅनमध्ये सोडावी आणि त्याच्या बाहेरच्या तोंडाला नळी लावून ती रिकाम्या बाटलीत धरावी. इंजिन उभ्या उभ्या अर्धा मिनिट चालवून धार पाहावी. चांगला पंप ठोक्याठोक्याने जोरात डिझेल फेकतो. टाकीचा संबंध तोडूनही धार करंगळीएवढी मरगळलेली असेल, तर आतले व्हॉल्व्ह किंवा प्लंजर गेले असे समजावे.

पंप किट (सील, व्हॉल्व्ह असे सुटे भाग) टाकून दुरुस्त होतो, पण प्लंजर ढकलणाऱ्या दांड्याची जागाच झिजून डिझेल ऑइलमध्ये उतरत असेल, तर किट फार दिवस टिकत नाही, म्हणून मी पूर्ण पंपच बदलेन. खोलण्यापूर्वी तो भाग ब्रशने आणि डिझेलने लख्ख धुवावा, कारण या कामात धुळीइतका शत्रू नाही. नळ्यांची तोंडे स्वच्छ बोल्टने बंद करावीत. नवा पंप बसवताना त्याचा फ्लँज (बोल्टने जोडायची सपाट कड) जागेवर आपोआप टेकत नसेल, तर नट आवळून जबरदस्तीने बसवू नये, इंजिन हाताने थोडे फिरवून कॅमचा उंचवटा बाजूला करावा, मग तो अलगद बसतो. जुने पॅकिंग खरवडून नवे लावावे आणि बँजो बोल्टखाली (हा नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर नवेच टाकावेत. वायसर मिळाले नाहीत, तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावेत, तांबे मऊ होते आणि एकदा काम भागते. आट्यांवर टेप मात्र गुंडाळू नये, तिचे धागे आत जातात.

हवा काढताना आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. सुरुवातीला तो पोकळ लागतो, मग हळूहळू जड होतो. फेस थांबून निखळ डिझेल आले की वाहत्या धारेतच स्क्रू आवळावा. त्यानंतर मुख्य पंपाचा स्क्रू याच पद्धतीने. शेवटी हातपंपाची मूठ आटे बसेपर्यंत फिरवून घट्ट करावी, ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. इंजिनाचे ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्यानंतरच सेल्फ मारावा, तोही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक नाही. नोझलचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाचे) नट सैल करण्याची वेळ आली, तर तिथे बोट धरू नये. फीड पंपाचा दाब एक-दीड बारच्या आसपास असतो, पण नोझल उघडते शंभर बारच्या पुढे, आणि ती धार कातडीच्या आत शिरते.

संत्रावाला_अचलपूर

काका, नवा फीड पंप बसवला आणि ऑइल बदलले. जुना पंप खोलून पाहिला, तर आतल्या एका व्हॉल्व्हच्या बैठकीवर खोल वळ पडलेला होता आणि स्प्रिंगचा एक वेढा तुटून बाजूला पडला होता. आज बावीस क्रेट भरून घाट न थांबता चढलो. डिपस्टिक आता दर दोन दिवसांनी पाहत आहे, पातळी जागची हललेली नाही. डिझेल पंप उतरवलाच नाही.