मदत हवी आहे: वाड्यांच्या दोन शाळा गावच्या शाळेत विलीन करायचा प्रस्ताव, ठराव द्यावा का?

वाडीकर: रत्नागिरी जिल्हा, जि. प. शाळा, पहिली ते पाचवी. पट वरच्या वाडीत ९, खालच्या वाडीत १४, गावात ४१. गावची शाळा वाड्यांपासून पायवाटेने २.२ आणि १.४ किमी, मध्ये वहाळ (ओढा). केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) शाळा व्यवस्थापन समितीचा ‘हरकत नाही’ असा ठराव हवाय. विलीन होण्यात फायदा कितपत? ठरावात काय लिहावं?

हिशेबनीस: आधी शिक्षक मोजा. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. या हिशेबाने आज तिन्ही शाळांची मिळून कागदावर सहा पदं. एकत्र पट ६४, म्हणजे तीन. पाच वर्गांना तीन शिक्षक हे दोनपेक्षा बरंच. पण चार मुलं मुंबईला किंवा इंग्रजी माध्यमाला गेली की पट ६० आणि शिक्षक पुन्हा दोन. त्यात १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या) शासन निर्णयाने वाढीव पद मिळणं आणखी अवघड केलंय. तिसरं पद मिळणार का, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला संचमान्यतेत रकाना नसतो.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या खर्चासाठी) वर्षाला ३० पटापर्यंत १०,००० आणि १०० पर्यंत २५,०००. आज तिघांचे मिळून ४५,०००, उद्या २५,०००. पोषण आहाराच्या स्वयंपाकी-मदतनीस २५ पटापर्यंत एक, १०० पर्यंत दोन. म्हणजे चारच्या दोन होतील आणि काम बहुधा वाडीतल्या बायांचंच जाईल.

खडूफळा: दुसरी बाजूही बघा. ९ पटाला पाच वर्ग म्हटलं की एखाद्या वर्गात एकच पोर. कोणाशी बोलणार, कोणाशी चढाओढ करणार? कबड्डीला सातचा संघसुद्धा जेमतेम उभा राहतो. एक शिक्षक प्रशिक्षणाला आणि दुसरा रजेवर गेला की शाळा बंदच. चौथी-पाचवीच्या मुलांना विलीनीकरणाचा फायदा नक्की होतो. पहिली-दुसरीबद्दल मात्र मी तसं म्हणणार नाही. सहा वर्षांचं मूल पावसात दोन किलोमीटर रोज चालत नाही, ते घरी राहतं.

सह्यवाट: राज्याच्या आरटीई नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किमीच्या आत हवी. तुमच्या दोन्ही वाड्या त्याबाहेर जातात, म्हणजे वाहतुकीची सोय ही मेहरबानी नाही. प्रस्तावातलं अंतर सरळ रेषेत धरलेलं असू शकतं, म्हणून पायवाट मोबाईलच्या जीपीएसने मोजा आणि पोलीस पाटील, ग्रामसेवक यांच्या सह्यांचा पंचनामा जोडा. वहाळाचे फोटो जुलैतले लावा, मार्चचे नकोत.

नुसतं ‘हरकत नाही’ देऊ नका. सशर्त ठराव करा: गाडी आधी सुरू, मगच मुलं हलतील, पहिली-दुसरी वाडीतच राहील, पहिलं वर्ष समायोजन (मुलांना गावच्या शाळेत बसवणं) तात्पुरतं, तोवर वाडीच्या शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) बंद करायचा नाही. सोबत ग्रामसभेचाही ठराव घ्या.

वाडीकर: वहाळावर साकव (छोटा पूल) आहे. गाडीऐवजी वाहतूक भत्ता मिळेल म्हणतात.

सह्यवाट: भत्ता साधारण वर्षाला ६,००० प्रति मूल, म्हणजे दहा महिन्यांवर महिना ६००. वरच्या वाडीच्या नऊ मुलांचे महिन्याला ५,४०० होतात, त्यात रोज दोन फेऱ्यांची जीप बसत नाही, आणि पैसे मागाहून येतात. त्यामुळे ‘भत्ता’ नको, ‘वाहन’ असंच लिहा. साकवाचं प्रमाणपत्र जि. प. बांधकामकडून मागा.

हिशेबनीस: एक राहिलं. वाडीच्या शाळेचं जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची कायमची नोंदवही) कोणाच्या ताब्यात जाईल आणि दाखल्याची दुय्यम प्रत कोण देईल, हे ठरावात घाला. जात पडताळणीला आजोबांची नोंद त्याच रजिस्टरात शोधावी लागते.