स्टॅन्ली राऊस: मैदानातून खुर्चीत गेलेला माणूस कारभार नीट करतो का?

गोलपोस्ट

परवा एका मित्राशी चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, फुटबॉलच्या संघटना चालवणं हे मैदानावरच्या माणसाचं काम नव्हे. खेळाडू आणि रेफरी यांना सत्काराला बोलवावं, कारभार कारभाऱ्यांनी बघावा. मी त्याच्यापुढे सर स्टॅन्ली राऊस यांचं उदाहरण ठेवलं. त्याने नावही ऐकलेलं नव्हतं. इथेही बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल, म्हणून हा धागा.

जन्म १८९५, इंग्लंडमधला सफोक परगणा. लोस्टॉफ्ट टाउनकडून हौशी गोलकीपर. मनगट मोडलं आणि गोलात उभं राहणं संपलं. पुढे वॉटफर्डच्या शाळेत मुलांना खेळ शिकवायचे आणि जोडीला रेफरीचं काम करायचे. १९२७ मध्ये अँटवर्पला बेल्जियम-नेदरलँड्स हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना मिळाला. २८ एप्रिल १९३४ ला वेम्बलीवर एफए कपची फायनल (एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना). मँचेस्टर सिटीने पोर्ट्समथला २-१ हरवलं, ती. सामना संपल्याची शिट्टी वाजली आणि सिटीचा वीस वर्षांचा गोलकीपर फ्रँक स्विफ्ट ताण सहन न होऊन गोलाजवळच बेशुद्ध पडला. ती शिट्टी राऊस यांची. त्याच वर्षी ते एफएचे सचिव झाले.

माझा मुद्दा पुढे आहे. आज जगभर रेफरी ज्या तिरक्या रेघेत पळतो, ती पद्धत राऊस यांनी बसवली. खेळाचे नियम तोवर ठिगळं लावत वाढले होते. १९३८ मध्ये राऊस यांनी ते सतरा कलमांत नव्याने लिहून काढले आणि पुढची जवळजवळ साठ वर्षं त्याच मांडणीवर जग खेळलं. चिखलात उभं राहून ज्याने ऑफसाइड दिलाय, त्यालाच कळतं की नियमातलं कुठलं वाक्य भांडण लावतं. १९६१ ते १९७४ ते फिफाचे, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचे, अध्यक्ष होते. त्याच काळात, १९७० च्या वर्ल्डकपला, पिवळं आणि लाल कार्ड आलं. ती कल्पनाही एका रेफरीचीच, केन ॲस्टन यांची.

मधली फळी

गोलपोस्ट, अध्यक्षपदाची तेरा वर्षं तुम्ही दोन ओळींत उरकलीत. सगळी गोम तिथेच आहे.

दक्षिण आफ्रिकेची जी संघटना फिफाची सदस्य होती, ती गोऱ्यांची. १९६१ मध्ये तिला निलंबित केलं. जानेवारी १९६३ मध्ये राऊस स्वतः, सोबत अमेरिकेचे जिमी मॅग्वायर, तिकडे पाहणीला गेले. परत आले आणि निलंबन उठलं. त्या संघटनेची तयारी काय होती माहितीये? १९६६ च्या वर्ल्डकपला गोऱ्यांचा संघ पाठवू, १९७० ला काळ्यांचा. अकरा जणांच्या एका संघात दोन रंग बसवायचे नाहीत म्हणून वर्ल्डकपच वाटून घ्यायचे! वंशभेद न मानणारी वेगळी फुटबॉल संघटना त्याच देशात होती. तिला दार बंदच राहिलं. शेवटी १९६४ च्या टोकियो अधिवेशनात आफ्रिका आणि आशियाच्या देशांनी मतांच्या जोरावर निलंबन परत आणलं.

१९६६ चं तर उघड आहे. सोळा जागा, त्यात आफ्रिकेला हक्काची एकही नाही. आफ्रिकेतल्या विजेत्याने पुन्हा आशियातल्या विजेत्याशी खेळून यायचं. आफ्रिकेचे देश एकजुटीने बाहेर पडले. घानाचे ओहेने जान आणि इथिओपियाचे टेसेमा यांनी ही लढाई लढवली. १९७० ला आफ्रिकेला हक्काची जागा मिळाली, मोरोक्को गेला.

आणि १९७३. चिलीतल्या लष्करी उठावानंतर सांतियागोच्या नॅशनल स्टेडियममध्ये माणसं डांबून त्यांचा छळ केला. वर्ल्डकपच्या पात्रतेचा चिली-सोव्हिएत संघ सामना त्याच मैदानावर होता. फिफाची माणसं पाहणी करून आली आणि तो तिथेच खेळवायचं ठरलं. सोव्हिएत संघ आलाच नाही. चिलीच्या खेळाडूंनी समोर कुणी नसताना चेंडू रिकाम्या जाळ्यात ढकलला. अध्यक्ष राऊसच.

मला वाटतं ही चूक त्यांच्यातल्या रेफरीचीच आहे. रेफरीला शिकवतात की चार रेघांच्या आत काय घडलं तेवढंच बघ, बाहेरचं तुझं काम नाही. खेळात राजकारण नको ही त्यांची भूमिका तिथूनच आली. मैदानात तो गुण आहे. तोच माणूस जगाच्या फुटबॉलचा निवाडा करायला बसला की रेघांबाहेरचा अन्याय त्याला दिसेनासा होतो.

पेठेतला रेफरी

मी कोल्हापूरचा. पेठेच्या संघातून नऊ वर्षं खेळलो, गुडघा गेला, मग रेफरीची परीक्षा दिली. आफ्रिकेवर माझं वाचन नाही, पण तिरक्या रेघेबद्दल सांगतो.

खेळाडूला चेंडूमागे धावायची सवय असते. माझ्या पहिल्याच मोठ्या सामन्यात मी तेच केलं, चेंडूच्या मागे मागे. शाहू स्टेडियमवर गर्दी होती. पेनल्टी बॉक्समध्ये बचावपटू माझ्याकडे पाठ करून उभा, चेंडू त्याच्या हाताला लागला. गॅलरी 'हँड, हँड' म्हणून उठली आणि मी खेळ चालू ठेवला. मला खरंच दिसलं नव्हतं. लाइन्समनचा झेंडा वर होता, पण तो माझ्या पाठीमागे. सामना संपल्यावर लाइन्समन एवढंच म्हणाला, "भावा, तू चेंडूकडं बघतोयस, माझ्याकडं कधी बघणार?" त्या रात्री झोप लागली नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला ती पोरं माझ्याच शेजारच्या गल्लीतली.

राऊस यांची युक्ती हीच. दोन लाइन्समन समोरासमोरच्या कडांना, प्रत्येकाकडे अर्धं मैदान. रेफरी उरलेल्या दोन कोपऱ्यांच्या दिशेने तिरका पळतो. मग खेळ कायम रेफरी आणि लाइन्समन यांच्या मधे राहतो, दोघं दोन बाजूंनी बघतात. कागदावर साधं दिसतं, अंगात भिनायला मला दोन हंगाम लागले. म्हणून गोलपोस्ट, खेळाडू आपोआप चांगला रेफरी होतो हे काही मला पटत नाही. आधी खेळाडूची सवय मोडावी लागते.

अकरावा गडी

मधली फळी, मग पुढे काय झालं तेही सांगा की. ११ जून १९७४ ला फ्रँकफर्टला राऊस हरले आणि ब्राझीलचे जुआंव हावेलांज आले. ते तर पक्के कारभारी. ऑलिंपिकला पोहलेले, पण फुटबॉलच्या मैदानात घडलेले नाहीत. त्यांनी जाहिरातदार आणले, पैसा आणला, आणि शेवटी फिफाचे मार्केटिंग हक्क घेणाऱ्या आयएसएल कंपनीकडून लाच घेतल्याचं स्विस न्यायालयाच्या कागदपत्रांतून बाहेर आल्यावर २०१३ मध्ये फिफाचं मानद अध्यक्षपद सोडावं लागलं. राऊस यांच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप कुणी केल्याचं मला तरी माहीत नाही. मला तो शाळामास्तर चालेल.

मधली फळी

अकरावा गडी, हावेलांज यांची बाजू मी घेतलेली नाही, घेणारही नाही. पण दुसऱ्या फेरीत त्यांना ६८ मतं पडली, राऊस यांना ५२. आफ्रिकेची मतं त्यात मोठी होती आणि ती काही जाहिरातदारांसाठी पडली नव्हती. ज्यांना बारा वर्षं थांबा म्हणून सांगितलं, त्यांनी जो दार उघडेल त्याला मत दिलं. हावेलांज यांनी दक्षिण आफ्रिकेला परत घेणार नाही असा शब्द दिला होता, आणि १९७६ मध्ये तिला फिफातून काढून टाकलं. राऊस यांनी तेरा वर्षांत हे केलं असतं तर हावेलांज निवडून आले असते का?

आणि १९३८ फक्त नियमांचं वर्ष नव्हतं. त्याच मे महिन्यात बर्लिनला इंग्लंडच्या संघाने सामन्याआधी नाझी सलाम केला. ब्रिटिश राजदूताचा आग्रह होता, आणि एफएचे सचिव म्हणून राऊस यांनी तो मान्य केला. इंग्लंड ६-३ जिंकलं, पण लोकांच्या लक्षात फोटो राहिला. तिथे नाही का खेळात राजकारण आलं?

गोलपोस्ट

बर्लिनचं मला ठाऊक होतं. धाग्यात घातलं नाही, घालायला हवं होतं.

दक्षिण आफ्रिकेबाबत मधली फळी यांचं मान्य. हा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघायला गेला, आणि त्या देशातली जी माणसं झेंडा वर करून उभी होती त्यांच्याकडे पाठ करून परतला. तिरकी रेघ आखणाऱ्याकडून हे व्हावं याचं मला फार वाईट वाटतं. पण नियमांच्या पुस्तकावर मी ठाम आहे. ते कुठल्याही कारभाऱ्याच्या हातून झालं नसतं, आणि मित्रालाही मी हेच सांगणार.

पेठेतले, पुढचा सामना कधी आहे तुमचा? कळवा, मी पुण्याहून येतो. लाइन्समनच्या बाजूला उभं राहून एकदा तुमची रेघ बघायची आहे.