मदत हवी आहे: आरएस-४८५ वर सहा बोर्ड जोडले की डेटाचा कचरा

वैतागलेला_वायरमन: उद्या सकाळी पार्टीला डेमो द्यायचाय आणि इथे डोकं फिरलंय. बोर्ड आरएस-४८५ ने, म्हणजे दोन तारांच्या सामाईक लाइनीने (बसने) जोडतोय, त्यासाठी मॅक्स४८५ चिपची ती निळी मॉड्यूल्स वापरतोय. दोन बोर्ड जोडले तर मस्त चालतं, सहा जोडले की नुसता कचरा. कोड तोच आहे, तेव्हा 'कोड तपासा' असं कृपया कोणी सांगू नका. चिप बदलू का? कुठली घेऊ?

सोल्डरकाका: बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग? केबल कुठली, किती मीटर? कंट्रोलर? आम्ही ज्योतिषी नाही हो.

वैतागलेला_वायरमन: १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट), कंट्रोलर ईएसपी३२. केबल लॅनचीच, १५ मीटर असेल.

बसवाला: कॅन वापरा, तीही दोन तारांचीच बस. दोघं एकदम बोलले तरी आपोआप निभावतं.

सोल्डरकाका: डेमो उद्या आहे! कुठलाही धागा उघडा, ह्यांचं कॅन हजर.

कोकण्या: मॉड्यूल ५ व्होल्टवर असेल तर आरओ पिनवर (जिथून आलेला डेटा कंट्रोलरकडे जातो) ५ व्होल्ट येतात, ईएसपी३२ ३.३ चा. मॅक्स३४८५ घ्या, ३.३ वर चालतो, १० एमबीपीएसपर्यंत जातो.

वैतागलेला_वायरमन: मध्ये लेव्हल शिफ्टर आहे, ५ चे ३.३ करतो. तो प्रश्नच नाही.

हौशी_हार्डवेअर: ७४एचसी२४५ लावून बघा, तोही बस ट्रान्सीव्हरच (डेटा पाठवणारी-घेणारी चिप).

सोल्डरकाका: अहो, तो बोर्डावरच्या आठ समांतर लाइनींसाठी. इथे ए-बी ची डिफरन्शियल जोडी आहे, दोन तारांमधल्या व्होल्टच्या फरकावर चालणारी. वायरमन, सगळी पॉवर बंद करा, मीटर ओहमवर ठेवा, ए आणि बी मध्ये किती येतात?

वैतागलेला_वायरमन: २१.

सोल्डरकाका: मग हेच. त्या प्रत्येक मॉड्यूलवर १२० ओहमचा रेझिस्टर बसवूनच येतो. बारीकसा, वर '१२१' लिहिलेला (१२ वर एक शून्य). सहा समांतर झाले की २० ओहम. चिप दीड व्होल्टची हमी ५४ ओहमच्या लोडवर देते, २० वर बिचारी काय करणार? बसच्या दोन टोकांचे ठेवा, मधले चार काढा. ६० च्या आसपास यायला हवं.

वैतागलेला_वायरमन: काढले. एकाचा पॅडच उखडला, असो. ६१ दाखवतोय, सहाही बोर्ड बोलतायत! पण शेवटचा बाइट अधूनमधून तुटतोय.

सोल्डरकाका: आता मात्र कोड तपासा. तुम्ही डीई (पाठवणं चालू-बंद करणारी पिन) घाईने खाली करताय. बफर रिकामा झाला तरी शेवटचा बाइट अजून बाहेर पडत असतो. तो पूर्ण जाईपर्यंत थांबा.

बसवाला: कॅनमध्ये डीईची भानगडच नसते.